पेटीवर सापडलेला ‘नको’

जाफराबादच्या बसस्थानकावर माझा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. मी वाहतूक नियंत्रक. गाड्यांची नोंद घ्यायची, चालक-वाहकांना वेळ द्यायची आणि माइकवरून कोणती गाडी कुठं लागली ते सांगायचं, हे माझं काम. “भोकरदनमार्गे जालन्याला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे.” हे वाक्य मी इतकी वर्षं बोलत आले होते की, ते बोलता बोलता आज डब्यात काय आणलंय याचा विचार करायची.

त्या दिवशी सकाळी बटण दाबलं आणि तोंडातून निघालं, “फलाट. फलाट. लाट फलाट.”

जीभ अडखळली असेल म्हणून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. बाहेर हसण्याचा आवाज आला. कुणीतरी ओरडलं, “मॅडम, नाष्टा करून या अगोदर!” मलाही हसू आलं. मग हातातला पेन खाली पडला. मी उचलायला गेले तर हात तिथपर्यंत पोचेना. माझाच हात, पण दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा लोंबत होता.

खिडकीशी एक चालक नोंद करायला उभा होता. तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला आणि पळत आत आला. पहिल्यांदा त्यानं काय केलं असेल, तर माइक बंद केला. पुढं मला उचलून जीपमध्ये घालणं, जालन्याचा दवाखाना गाठणं, हे सगळं त्यानंच केलं. पण मला त्याचे उपकार आठवतात ते त्या माइकसाठी. सगळं बसस्थानक माझं ते बोलणं ऐकत होतं, आणि ते थांबवायला हवं हे त्याला सुचलं.

*

तपासणी झाली, डोक्याचे फोटो निघाले. परतूरहून भास्करदादा, माझा मोठा भाऊ, आला तोवर मला पलंगावर घेतलं होतं. डॉक्टर त्याला सांगत होते, “मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा थांबला होता. उजवा हात आणि बोलणं, दोन्हींवर परिणाम झालाय. जीव वाचला, पण बाकीचं हळूहळू.”

मग ते माझ्याकडे वळले. “नाव सांगा तुमचं.”

सुनंदा. मला माहीत होतं. मी पूर्ण जोर लावला.

“फलाट.”

त्यांनी खिशातला पेन दाखवला. “हे काय?”

“फलाट.”

पेन म्हणजे काय, कशाला वापरतात, आपला पेन तिकडं जमिनीवर पडून राहिला, हे सगळं डोक्यात लख्ख होतं. तो शब्द तेवढा तोंडापर्यंत येत नव्हता. त्या जागी दर वेळी तोच एक शब्द येऊन उभा. दादानं मान फिरवली.

डॉक्टर त्याला म्हणाले, “त्यांना सगळं समजतंय. त्यांच्यासमोर बोलताना हे ध्यानात ठेवा.” पुढच्या काही महिन्यांत हे वाक्य सगळे विसरले. एकट्या मलाच ते आठवत राहिलं.

दवाखान्यात दिवस ठरलेला होता. सकाळी चादरी बदलायच्या, मग गोळ्या, मग व्यायामवाल्या ताई येऊन माझी बोटं एकेक करून उघडायच्या आणि मिटायच्या. शेजारच्या पलंगावर मंठ्याकडची एक बाई होती. ती दिवसभर माझ्याशी बोलायची. मी बोलू शकत नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. “तुमचं बरंय बाई, शांत स्वभाव हाय. माझी जाऊ एक मिनिट गप बसत न्हाई,” ती म्हणाली होती. ती घरी गेली त्या दिवशी मला रडू आलं. इतक्या माणसांत माझ्याशी माणसासारखी तीच बोलली होती, आणि तीही गैरसमजातून.

*

घरी नेलं म्हणजे परतूरला, दादाकडे. दादाचं सरकी-पेंडीचं दुकान आहे, त्यामागं घर. मला मागची खोली दिली. मंदावहिनीनं माझं काहीही करायचं बाकी ठेवलं नाही. न्हाऊ घातलं, भरवलं, पातळ नेसवलं. हे मी मनापासून लिहिते आहे. पण दुकान, स्वयंपाक, पोरांच्या शाळा आणि वर मी, यात तिला माझ्यापाशी बसायला वेळ नव्हता. बसली तरी काय करणार? ती विचारणार आणि मी “फलाट” म्हणणार. घरातल्या पोरांना पहिल्यांदा त्याचं हसू यायचं. मग त्यांनी मला विचारणंच सोडलं. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

भेटायला येणारे माझ्या कानाशी मोठ्यानं बोलायचे, जणू मला ऐकू येत नाही. मग माझ्याकडे पाठ करून वहिनीला विचारायचे, “समजतं का हो त्यांना काही?” एक नात्यातली बाई माझ्यासमोरच म्हणाली, “असं जगण्यापेक्षा देवानं सोडवलेलं बरं.” आणि मला केळं सोलून दिलं.

फोन उशाशी असायचा. तो वाजत नव्हता. ज्या बाईला बोलता येत नाही तिला कोण कशाला फोन करील? एकटी राहायची मला सवय होती. लग्न मोडलं त्याला खूप वर्षं झाली. तेव्हापासून जाफराबादेत एक खोली, एक गॅस, एक रेडिओ, असा माझा संसार. संध्याकाळी दार लावून घेतलं की मला बरं वाटायचं. परतूरच्या त्या खोलीचं दार सताड उघडं असायचं, घर माणसांनी भरलेलं असायचं, आणि मी इतकी एकटी आयुष्यात कधी नव्हते.

दादा वाईट नाही. पण तो माझ्याबद्दल ठरवायला लागला. एक दिवस माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहून वहिनीला म्हणाला, “नोकरी आता काही होत न्हाई तिच्यानं. मेडिकल सर्टिफिकेटवर सोडून देऊ. जाफराबादची खोली पण रिकामी करायची. टेंपो सांगून ठेवतो.”

माझा निकाल लागला होता, आणि मला साधं विचारलंही नव्हतं.

*

त्याच आठवड्यात घरी सत्यनारायण होता. आरती सुरू झाली, टाळ्या सुरू झाल्या. मी भिंतीला टेकून बसले होते. डाव्या हातानं मांडीवर ठेका धरला आणि काय झालं कळलंच नाही, माझ्या तोंडून आरतीचे शब्द यायला लागले. एकामागून एक, बराबर, लोकांबरोबर. वहिनीच्या हातातलं निरांजन थांबलं. आरती संपताच सगळे माझ्याभोवती जमले. “बोलली! ताई बोलली!” दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“चहा घेता ना वन्सं?” वहिनीनं विचारलं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खूप प्रयत्न केला.

“फलाट.”

त्यांचे चेहरे मी अजून विसरले नाही. लोक प्रसाद घेऊन हळूहळू निघून गेले. पुढं दवाखान्यातल्या वाचा-उपचार करणाऱ्या, म्हणजे पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडून कळलं की असं होतं. पाठ असलेलं गाणं आणि स्वतःचं बोलणं मेंदूत एकाच वाटेनं येत नाही. त्या दिवशी मात्र वाटलं, देवानं दार उघडून माझ्या तोंडावर आपटलं.

गल्लीत पलीकडं कमलाकाकी राहायच्या. मारवाडी घर, पिढ्यान्‌पिढ्या परतूरचं. नवरा गेलेला, मुलं सुरतेला, कापडाचं दुकान भाड्यानं दिलेलं. मंदिरातल्या भजनात त्या पेटी वाजवायच्या. सत्यनारायणाला त्याही आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या आणि वहिनीला म्हणाल्या, “इसको मेरे घर भेज दो रोज. घंटाभर. मी एकटीच असते, मला पण सोबत होईल.”

त्यांच्या बैठकीत पेटी मांडलेली होती. मी आयुष्यात कधी वाद्याला हात लावला नव्हता. काकींनी माझं उजवं तर्जनीचं बोट उचलून एका पांढऱ्या पट्टीवर ठेवलं आणि स्वतः भाता हलवला. आवाज निघाला.

“बोलायचं राहू दे,” त्या म्हणाल्या. “बस, दाब. ये सा है.”

त्या घरात मला कुणी काही विचारत नव्हतं. एवढ्यानंच किती सुटल्यासारखं वाटलं.

*

शिकणं मात्र भलतंच अवघड निघालं. एक बोट दाबायला गेलं की शेजारचं बोट आपोआप खाली यायचं आणि दोन सूर एकदम ओरडायचे. काकींनी भाता माझ्या डाव्या हातात दिला, तेव्हा तर बघायलाच नको. उजव्या बोटांकडे लक्ष दिलं की डावा हात थांबायचा आणि सूर मरून जायचा. “भाता, बाई, भाता!” काकी ओरडायच्या. भात्याकडे बघितलं की बोटं चुकायची. कानानं ऐकायचं, डोळ्यांनी पट्टी शोधायची, दोन हातांनी दोन वेगळी कामं करायची, आणि तोंडानं सूर म्हणायचा. घंटा संपेपर्यंत डोकं गरम व्हायचं. घरी येऊन मी मेल्यासारखी झोपायची. वहिनीला वाटायचं, माझं काहीतरी बिघडत चाललंय.

पण एक दिवस पट्टी दाबता दाबता काकींबरोबर माझ्या तोंडून “सा” निघाला. पाठ केलेली आरती नव्हती ती. एक नवा आवाज होता, मी म्हणायचा ठरवला आणि म्हटला. मग “रे”. “ग” फार दिवस आला नाही. त्याच्या जागी “फ” यायचा. काकी त्यावर खळखळून हसल्या, आणि त्या घरात मीही हसले.

मग टेंपोची वेळ आली. दादा जेवता जेवता म्हणाला, “उद्या जाफराबादेला जाऊन येतो. सामान घेऊन येतो एकदाचं.”

मला माझी खोली दिसली. खिडकीतला रेडिओ, दारामागची पाण्याची टाकी. मी ताटावर हात मारला. सगळ्यांनी वर पाहिलं. “फलाट” ओठांवर येऊन उभाच होता. मी तोंड मिटलं. उजवं बोट मांडीवर ठेवलं आणि दाबलं, सा. दुसरं दाबलं, रे. त्या दोन सुरांवर, गाणं म्हणावं तसं, मी म्हटलं, “न… को.”

“भजन म्हणून राह्यली,” दादा म्हणाला.

मी पुन्हा बोटं दाबली. “न… को. न… को.”

वहिनीनं हातातली भाकरी खाली ठेवली. “अहो, भजन न्हाई ते. त्या नको म्हणून राह्यल्या. खोली सोडायला नको म्हणून राह्यल्या.” मग माझ्याकडे वळली. “असंच ना, वन्सं?”

मी मान हलवली. दादा पुढं जेवला नाही. टेंपो गेला नाही.

*

यानंतर सगळं छान होत गेलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. थोड्या दिवसांनी काकींच्या बैठकीत पेटीवर बसलेली असतानाच माझा उजवा हात झटके द्यायला लागला. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावलेली होती आणि काकी कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

धावत आलेल्या दादानं तिथंच सांगितलं, “आता बस झालं. डोक्यावर ताण पडून राह्यला त्या पेटीचा. बंद.”

मी काकींकडे पाहिलं. त्याही म्हणाल्या, “मत आ बेटा. मेरे हाथ से तुझे कुछ हो गया तो?”

सगळ्यात वाईट दिवस हेच होते. दवाखान्यातल्यापेक्षा वाईट. एकतर मला भीती वाटत होती की दादाचंच खरं असेल. आपल्या आनंदानंच आपलं नुकसान केलं असेल. पुन्हा झटका येईल म्हणून मी संडासालासुद्धा कडी लावायला घाबरायची. आणि काकी गल्लीतून जाताना दिसल्या तरी आत येत नव्हत्या. मी चादरीवर बोटं दाबत पडून राहायची. सा, रे, ग. चादरीतून आवाज येत नाही.

जालन्याला डॉक्टरांकडे दाखवायला गेलो. झटक्याची तपासणी म्हणून मेंदूचा आलेख काढायचा होता. डोक्याला थंडगार चिकट मलम लावून वायरी चिकटवल्या. दादा दाराशी उभा होता. डॉक्टर आत आले तेव्हा त्यानं विचारलंच, “पेटी शिकत होती ही. त्यानं आला का झटका?”

“पेटी?” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, दादाकडे नाही. “तुम्ही शिकताय? कोणता हात?”

मी उजवा उचलला. ते खुर्ची ओढून पडद्यापाशी बसले. “डोळे मिटा. स्वस्थ पडा.” थोड्या वेळानं म्हणाले, “आता बोटं हलवा, पेटीवर हलवता तशी.” मी हलवली. “थांबा. आता हात बिलकुल हलवायचा नाही. फक्त मनात वाजवा.”

मी मनात वाजवलं. काकींची बैठक, पट्टीचा गारवा, भाता. सा रे ग, रे ग म.

नंतर त्यांनी दादाला पडद्याजवळ बोलावलं. “हात स्वस्थ असला की या जागी ही अशी लहर चालू असते. आणि इथं बघा, बोटं हलवली तेव्हा ती बसली, सपाट झाली. आणि हे इथं, जेव्हा त्या नुसत्या पडून होत्या.”

दादा पडद्यावर वाकला. “इथं पण बसली.”

“मनात वाजवत होत्या. उजव्या हाताची जागा कामाला लागली होती.”

“मंग बरी होईल का पेटीनं?”

“तसं मी म्हणणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “एवढ्यावरून तसं काही सिद्ध होत नाही. नवं वाद्य शिकताना कान, डोळे, हात, सगळं एकत्र राबतं, म्हणून त्या थकतात. थकणं म्हणजे बिघाड नाही. झटका आला तो मेंदूत जी जखम झाली तिच्यामुळं. गोळी वेळेवर, झोप पुरेशी. आणि त्यांना पेटी वाजवायची असेल तर वाजवू द्या.”

परतीच्या रेल्वेत दादा खिडकीबाहेर बघत होता. सेलूकडं जाणाऱ्या लोकांनी डबा भरला होता. परतूर जवळ आलं तेव्हा तो एकदम म्हणाला, “सुनंदा, तू पडल्या पडल्या काय वाजवून राह्यलीस गं मनात?” आजारी पडल्यापासून त्यानं मला असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता, ज्याचं उत्तर त्याला माहीत नव्हतं. मी बोटांनी त्याच्या मनगटावर दाबून दाखवलं. संध्याकाळी तो स्वतः काकींकडे गेला आणि त्यांना घेऊन आला.

*

मी पुन्हा कामावर आहे. माइकवर नाही, कार्यालयात आत बसून नोंदी करते. बोलणं बरंच परत आलं, पण अडखळत येतं, आणि घाईत असले की चुकीचा शब्द येतो. फोनवर अनोळखी माणसाशी बोलायला अजून नको वाटतं. रांगेतली माणसं माझं वाक्य माझ्याआधी पूर्ण करतात. त्यांना वाटतं ते मदत करतायत. तुमच्या घरी असं कुणी असेल तर एवढं करा: मोठ्यानं बोलू नका, शब्द तोंडात घालू नका, त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलू नका. आणि झटक्याची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

जाफराबादच्या त्याच खोलीत राहते. कमलाकाकींना मुलांनी सुरतेला नेलं. जाताना पेटी माझ्याकडे ठेवून गेल्या. मी काही वाजवणारी झाले नाही. सरावाचे चार पलटे आणि एक भजन, तेही मध्येच तुटणारं. काकींची आठवण फार येते. त्यांना आता ऐकू कमी येतं, फोनवर जमत नाही. कितीतरी संध्याकाळी असं वाटतं की मला समजून घेणारं एकच माणूस होतं, आणि तेही लांब गेलं. हे मी लपवत नाही. बरं होणं म्हणजे एकटेपणा जाणं, असं मला तरी आढळलं नाही.

मागच्या खेपेला तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “वेळ असेल तर एका पेशंटला भेटाल?” अंबडकडचे एक शिंपी होते, माझ्यासारखंच झालेलं. बायको उशाशी बसली होती. माझी पेटीची गोष्ट ऐकून तिनं लगेच विचारलं, “मंग यांना पण पेटी शिकवू का?”

मी म्हणाले, “त्यांना… काय पाहिजे… ते विचारा.”

“कसं विचारू ताई? बोलतच न्हाईत ते.”

“विचारून… थांबा.”

ती नवऱ्याकडे वाकली. “अहो, काही पाहिजे का? चहा? नको ना, मघाशीच घेतला. पाणी देऊ? पाणी तर…” मी तिच्या हातावर हात ठेवला. ती गप्प झाली.

आम्ही तिघं तसेच बसलो. खोलीत बाकीच्या पलंगांवर बोलणं चालू होतं, कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं. ती दोनदा बोलायला गेली, दोन्ही वेळा थांबली. ते छताकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना झोप लागली. मग त्यांचा डावा हात चादरीवरून सावकाश वर आला, हवेत अडकला, आणि खिडकीकडे वळला.

सकाळपासून ऊन त्यांच्या डोळ्यांवर येत होतं.

ती उठली. तिनं पडदा ओढला आणि तो तसाच हातात धरून, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. त्यांनी डोळे मिटले. मला निघायचं होतं, पण मी आणखी थोडा वेळ बसून राहिले.